गोठलेल्या व्होल्गेवर गळ टाकताना



माघातील थंडीत पहाटे नर्मदेच्या घाटावर उभे राहण्याचा योग तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल. अंगावर शाल असूनही दात वाजत असतात आणि नदीवरून मात्र पांढरट वाफा निघत असतात. धीर करून पाण्यात पाय घातला की ते कोमट भासते. हवा रात्रीतून गार झाली, परंतु पाण्याने आपली ऊब सहजासहजी सोडली नाही, हे त्याचे कारण. आपल्या हिवाळ्यात नदी आणि थंडी यांचा झगडा एवढ्यावरच संपतो. विजय नदीचाच होतो.

परंतु ज्या देशात थंडी महिनोन् महिने ठाण मांडून बसते, तेथे अखेर नदीला हार खावी लागते. तिचा पृष्ठभाग दगडासारखा कठीण होतो, आणि त्या कठीण छतावर माणसे लहानशा पेटीवर बसून, हातभर बर्फाला भोक पाडून, खालच्या काळ्या पाण्यात गळ सोडतात. हा त्यांचा उदरनिर्वाहाचा धंदा नव्हे, सुटीच्या दिवसाचा विरंगुळा आहे. रशियातील व्होल्गा नदीवर लाखो लोकांना प्रिय असलेल्या या छंदाचा परिचय करून देण्याचा येथे विचार आहे. मात्र तो केवळ गमतीचा नाही. ज्याला बर्फ कसा तयार होतो, मासा थंडीत कसा जगतो आणि नदी कशी वाहते, हे कळत नाही, त्याला या खेळात मासा तर मिळत नाहीच, पण प्राण गमावण्याचीही वेळ येते. पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र यांचे धडे इतक्या रोखठोकपणे शिकविणारा दुसरा खेळ क्वचितच सापडेल.

नदीचा परिचय

भूगोलाच्या पुस्तकातील युरोपचा नकाशा उघडा. मॉस्कोच्या वायव्येस वाल्दाई नावाच्या ठेंगण्या टेकड्या आहेत. तेथील एका खेड्याजवळ, समुद्रसपाटीपासून अवघ्या 228 मीटर उंचीवर, एका झऱ्यातून व्होल्गा उगम पावते. त्वेर, यारोस्लाव्ह्ल, निझ्नी नोव्हगोरोद, कझान, समारा, सरातोव्ह, व्होल्गोग्राद अशी नगरे ओलांडीत ती अस्त्राखानपाशी कॅस्पियन समुद्राला मिळते. तिची लांबी सुमारे 3,530 किलोमीटर आहे. आपली नर्मदा 1,312 किलोमीटर. म्हणजे व्होल्गा तिच्या अडीच पटींहून अधिक लांब आणि युरोपातील सर्वांत दीर्घ नदी होय. आपण नर्मदेला मैया म्हणतो. रशियन लोकही व्होल्गेला ‘मातुश्का’, म्हणजे ‘आई’, म्हणतात.

दोन्ही नद्यांत एक मोठा भेद आहे. नर्मदा अमरकंटकाच्या हजार मीटरांहून अधिक उंचीवरून खडकांशी झुंजत उतरते. व्होल्गा मात्र एवढ्या प्रचंड प्रवासात सुमारे अडीचशे मीटरच खाली येते. त्यातही कॅस्पियनचे पाणी समुद्रसपाटीहून सुमारे 29 मीटर खाली असल्याने हा आकडा थोडा वाढला आहे. अर्थात् तिचा प्रवाह संथ आहे, आणि संथ पाण्यावर बर्फ लवकर व सारखा धरतो. वरच्या आणि मधल्या टप्प्यात नोव्हेंबरच्या अखेरीस नदी गोठते, खालच्या टप्प्यात डिसेंबरमध्ये. अस्त्राखानजवळ मार्चच्या मध्यास बर्फ फुटतो. उत्तरेकडे त्यासाठी एप्रिल उजाडावा लागतो.

या नदीशी आपल्या मुलखाचाही एक जुना धागा जुळलेला आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितीन नावाचा त्वेरचा व्यापारी व्होल्गेतून नावेने निघाला. वाटेत अस्त्राखानजवळ त्याला लुटारूंनी नागविले; तरीही तो पुढे इराणमार्गे समुद्र ओलांडून कोकणातील चौल बंदरी उतरला आणि जुन्नर, बीदर असा दक्षिणेत फिरला. परतताना घरी पोहोचण्यापूर्वीच त्याचा अंत झाला, परंतु त्याने लिहिलेला प्रवासवृत्तांत टिकला. त्वेर येथे व्होल्गेच्या काठी 1955 साली त्याचा पुतळा उभारण्यात आला. हिवाळ्यात त्या पुतळ्यासमोर गोठलेल्या नदीवर गळ टाकून बसलेली माणसे दिसतात.

बर्फ वर का राहतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नदी वरून का गोठते? तळापासून का गोठत नाही?

हिवाळ्यात घरातील तुपाचे भांडे पाहा. तूप थिजू लागले की त्याचे कण तळाशी बसतात. घट्ट तूप पातळ तुपात बुडते. बहुतेक पदार्थांची रीत हीच. थिजला की पदार्थ आकसतो, जड होतो आणि खाली जातो. पाणी या रीतीला अपवाद आहे. थंड होताना तेही आकसते, पण फक्त 4 अंश सेल्सिअसपर्यंत. त्याहून थंड झाल्यास ते उलट प्रसरण पावू लागते, आणि गोठताना तर एकदम फुगते. 1 घनमीटर पाण्याचे वस्तुमान 1,000 किलोग्रॅम असते, तर तेवढ्याच बर्फाचे सुमारे 917 किलोग्रॅम. म्हणून बर्फ तरंगतो, आणि त्याचा सुमारे बारावा भाग पाण्याच्या वर राहतो.

संथ जलाशयात याचा परिणाम असा होतो की 4 अंशांचे, सर्वांत जड पाणी तळाशी जाते, त्याहून थंड पाणी वर राहते आणि तेच प्रथम गोठते. वाहत्या नदीत मात्र प्रवाह पाणी ढवळीत असल्याने वरपासून खालपर्यंत ते जवळजवळ शून्य अंशाचेच होते. तेथेही बर्फ हलका असल्यामुळे वरच येतो आणि छत धरतो. पाणी जर तुपासारखे वागते, तर उत्तरेकडील जलाशय तळापासून गोठत वर आले असते आणि त्यांतील मासे शिल्लक राहिले नसते. पाण्याच्या या एका लहरीवर केवढी जीवसृष्टी तगून आहे, याचा विचार करावा तितका थोडाच.

जाडी, थंडी आणि भार

बर्फाचे छत झाले की ते स्वतःच नदीचे पांघरूण बनते. खालचे पाणी गोठण्यासाठी त्यातील उष्णता बाहेर पडली पाहिजे. शून्य अंशावरील एक ग्रॅम पाणी गोठताना 80 कॅलरी उष्णता देते. ही उष्णता वरच्या बर्फातूनच जाणार. बर्फ जितका जाड, तितकी तिची वाट लांब. म्हणून पहिला बर्फ झपाट्याने वाढतो आणि पुढे त्याची वाढ मंदावते. ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ योसेफ स्टेफान याने ध्रुवीय समुद्रावरील नोंदी तपासून 1891 साली याचा नियम मांडला. सोप्या भाषेत तो असा: बर्फाची जाडी ही साचलेल्या थंडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते.

‘साचलेली थंडी’ म्हणजे काय? शून्याखाली जितके अंश, गुणिले तितके दिवस. उणे 10 अंशांचे 10 दिवस गेले तर 100 अंश-दिवस झाले. समजा, तेवढ्या थंडीत एका ठिकाणी 20 सेंटिमीटर बर्फ धरला. मग तो 40 सेंटिमीटर होण्यासाठी 200 नव्हे, 400 अंश-दिवस लागतील. दुप्पट जाडीला चौपट थंडी.

दुसरीकडे बर्फाची भार पेलण्याची शक्ती जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट, तर शक्ती चौपट. हे दोन नियम एकापुढे एक मांडून पाहा. थंडी चौपट झाली की जाडी दुप्पट होते, आणि जाडी दुप्पट झाली की शक्ती चौपट होते. म्हणजे बर्फाची शक्ती साचलेल्या थंडीच्या सरळ प्रमाणात वाढते! वर्ग आणि वर्गमूळ यांनी एकमेकांना किती सुबकपणे छेद दिला आहे, हे गणिताच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको.

परंतु निसर्ग हा नियम जशाचा तसा पाळू देत नाही. बर्फावर भुसभुशीत हिम पडले, तर ते गोधडीसारखे काम करते. त्यातून उष्णता फार थोडी बाहेर पडते आणि खालच्या बर्फाची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून जाड हिमाखाली पातळ बर्फ दडलेला असू शकतो. डोळ्यांना जेथे भरभक्कम दिसते, तेथेच धोका अधिक.

मासा थंडीत काय करतो?

मासा थंड रक्ताचा प्राणी. त्याच्या शरीराचे तपमान भोवतालच्या पाण्याइतकेच असते. तपमान 10 अंशांनी उतरले की त्याच्या शरीरातील जीवनक्रिया निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतात. म्हणून हिवाळ्यात त्याला अन्न थोडे लागते, तो हालचाल कमी करतो, आणि आमिष तोंडाशी आले तरी घाईने झडप घालीत नाही. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरातील द्रव शून्याच्या किंचित खाली गोठतात, त्यामुळे शून्य अंशाच्या पाण्यातही तो जिवंत राहतो.

खरी अडचण प्राणवायूची असते. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो: शून्य अंशावर एका लिटरमध्ये सुमारे 14.6 मिलिग्रॅम, तर 30 अंशांवर जेमतेम 7.5 मिलिग्रॅम. तेव्हा हिवाळ्याच्या आरंभी मासा सुखात असतो. पण छत पडल्यावर हवेतून नवा प्राणवायू येणे बंद होते. वर हिम साचले की उजेडही अडतो आणि पाणवनस्पतींची प्राणवायूनिर्मिती थांबते. तळाशी कुजणारा पालापाचोळा मात्र आहे तो साठा संपवीत असतो. उथळ, बंदिस्त जागी फेब्रुवारीपर्यंत हा साठा इतका घटतो की मासे गुदमरून मरतात. ओढ्यांची मुखे, झरे, वाहता प्रवाह अशा ठिकाणी ते ताज्या पाण्यासाठी गोळा होतात.

यावरून हिवाळ्याचे तीन कालखंड पडतात. रशियन गळवाले त्यांना ‘पहिला बर्फ’, ‘मुका हिवाळा’ आणि ‘शेवटचा बर्फ’ अशा अर्थाची नावे देतात. पहिल्या बर्फात प्राणवायू भरपूर, म्हणून मासा चांगला लागतो. मुक्या हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत, दिवस दिवस बसूनही हाती काही येत नाही. शेवटच्या बर्फात वितळलेले पाणी फटींतून खाली उतरते, प्राणवायू नेते, आणि मासा पुन्हा जागा होतो. गंमत अशी की मासे मिळण्याचे हे दोन उत्तम काळ म्हणजेच बर्फ सर्वांत फसवा असण्याचेही काळ. या छंदातील मोहाचे आणि धोक्याचे मूळ येथे आहे.

या सामान्य नियमाला छेद देणारा एक मासा व्होल्गेत राहतो. त्याचे नाव नलीम. समुद्रातील कॉड माशाचा हा गोड्या पाण्यातील आप्त. उन्हाळ्यात तो सुस्त पडून असतो आणि पाणी गार होऊ लागले की उल्हासित होतो. ऐन जानेवारी-फेब्रुवारीत, बर्फाखाली, शून्य अंशालगतच्या पाण्यात तो अंडी घालतो. इतर मासे जेव्हा जगण्याची पराकाष्ठा करीत असतात, तेव्हा याच्या घरी पुढच्या पिढीची तयारी चाललेली असते.

हत्यारे आणि कसब

गळवाल्याचे सामान पाहिले तर आपल्याकडील सुताराची आणि स्वयंपाकघराची आठवण यावी. बर्फाला भोक पाडण्यासाठी हातभर लांबीचे पाते असलेले मोठे गिरमिट असते. वाट चाचपडण्यासाठी लोखंडी पहार असते. भोकात सारखा बर्फाचा चुरा जमतो. तो काढण्यासाठी आपल्या झाऱ्यासारखाच भोकांचा झारा वापरतात. बसण्यासाठी पेटी, आणि तिच्यातच सर्व संसार. पायांत नमद्याचे जाड बूट, आणि सामान ओढण्यासाठी छोटी घसरगाडी.

काठी मात्र वीतदीड वीतच. कारण गळ थेट खाली सोडावयाचा असतो, दूर फेकावयाचा नसतो. तिच्या टोकाला एक लवचीक पट्टी असते. दोर केसासारखा बारीक. त्याच्या टोकाला शिशाचा किंवा टंगस्टनचा गव्हाच्या दाण्याएवढा गोळा, आणि त्यातच बसविलेला इवलासा गळ. याला ‘मोर्मिश्का’ म्हणतात. सैबेरियात पाण्यातील कोळंबीवर्गीय बारीक जीवाला ‘मोर्मिश’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. गोळा तळाला टेकवून बोटांच्या सूक्ष्म कंपाने तो थरथरवीत हळूहळू वर आणावयाचा, म्हणजे तो जीव पोहत असल्याचा भास माशाला होतो. गारठलेला मासा आमिष ओढीत नाही, केवळ ओठांत धरतो. ती चाहूल बोटांना लागत नाही. काठीच्या टोकाची पट्टी किंचित लवते किंवा सरळ होते, एवढीच खूण. क्षणभर नजर चळली की संधी गेली.

आमिष म्हणून बहुधा ‘मोतिल’, म्हणजे एका डाससदृश माशीची तांबडी अळी, लावतात. ही अळी तांबडी का? कारण तिच्या शरीरात आपल्या रक्तातल्यासारखे हिमोग्लोबिन असते. तळाच्या चिखलात प्राणवायू फार थोडा. तो धरून ठेवण्यासाठी ही सोय. हिवाळ्यातही ती चिखलात जिवंत असते, म्हणून माशांना ओळखीची असते.

श्चूका, म्हणजे पाइक, या दांडग्या शिकारी माशासाठी वेगळी युक्ती आहे. भोकावर एक चकती ठेवून तिच्यावर दोराची फिरकी आणि वाकवलेल्या स्प्रिंगला बांधलेले लाल निशाण बसवितात. गळाला लहान जिवंत मासा लावलेला असतो. श्चूकाने तो पकडून दोर ओढला की निशाण ताडकन् उभे राहते. पांढऱ्याशुभ्र मैदानावर दूर कोठेतरी एक लाल ठिपका उभा राहतो, आणि त्याच्या रोखाने जाड कोटातला गृहस्थ धडपडत धावतो, हे दृश्य व्होल्गेवर नित्याचे. ओकून (पर्च), प्लोत्वा, लेश्च (ब्रीम), सुदाक हे इतर नेहमीचे मासे. संध्याकाळी त्यांचे ‘उखा’ नावाचे पातळ सार होते.

बर्फ ओळखणे

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. स्वच्छ, निळसर-काळा, पारदर्शक बर्फ सर्वांत बळकट. एका माणसाने पायी जाण्यासाठी तो निदान 10 सेंटिमीटर जाड असावा, असा सावध संकेत आहे. ओले हिम गोठून झालेला पांढरा, अपारदर्शक बर्फ सुमारे निम्म्या ताकदीचा. त्याची जाडी दुप्पट हवी. पुलांच्या खांबांजवळ, लव्हाळ्यांच्या कडेने, ओढ्याच्या मुखाशी, कारखान्यातील उबदार पाणी पडते तेथे आणि प्रवाह वेगवान असतो तेथे छत पातळ असते. मोठ्या धरणाच्या पायथ्याशी तर, जनित्रांतून पाणी सतत सुटत असल्याने, कडक हिवाळ्यातही नदी उघडी राहते.

वसंतातील बर्फ आणखी कपटी. ऊन लागले की त्याच्यात उभ्या फटी पडून तो मेणबत्त्यांच्या जुडग्यासारखा सुटा होतो. जाडी 40 सेंटिमीटर भरते, पण पहारेच्या एका घावात तो ढासळतो. वर सांगितलेला वर्गाचा नियम येथे कामास येत नाही. तो अखंड बर्फासाठी आहे.

भोकातले पाणीही बोलते, जर ऐकणारा शहाणा असेल तर. बर्फाचा बारावा भाग वर राहतो, हे आपण पाहिले. म्हणजे 36 सेंटिमीटर बर्फाला भोक पाडले, तर पाणी वरच्या कडेपासून सुमारे 3 सेंटिमीटर खाली स्थिरावले पाहिजे. ते भोकातून वर उसळून आले, तर वरच्या हिमाच्या ओझ्याने छत दबले आहे असे समजावे. आणि पाणी फारच खाली दिसले, तर त्याचा अर्थ गंभीर आहे: धरणातून पाणी सोडल्याने जलाशयाची पातळी उतरली आहे आणि छत खालच्या आधाराविना अधांतरी राहिले आहे. अशा बर्फावरून तत्काळ काठ गाठावा.

एवढे करूनही माणसे पाण्यात पडतात. मार्च-एप्रिलमध्ये बर्फाचे तुकडे सुटून त्यांवरील माणसे वाहत निघाल्याच्या आणि बचाव पथकांनी त्यांना सोडविल्याच्या घटना रशियात वर्षानुवर्षे घडत आल्या आहेत. सर्वच सुटत नाहीत. पाण्यात पडताच पहिला मिनिटभर श्वास अनावर धापा टाकू लागतो. त्या मिनिटात तोंड पाण्याबाहेर ठेवणे एवढेच काम. पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगी पडतात. त्यानंतर बोटे ऐकेनाशी होतात, जरी शुद्ध हरपण्यास तासभर लागू शकतो. म्हणून ती दहा मिनिटे वाया घालवावयाची नाहीत. ज्या दिशेने आलो त्याच दिशेस वळावे, कारण तेथील बर्फाने आपला भार एकदा पेललेला असतो. जाणता गळवाला गळ्यात दोरीने बांधलेल्या, चांभाराच्या आरीसारख्या दोन टोच्या बाळगतो. त्या बर्फात रोवून, पाय मारीत, पोटावर सरकत वर यावे. वर आल्यावर उभे राहू नये. गडबडा लोळत दूर जावे, म्हणजे भार पसरतो. वाचविणाऱ्यानेही जवळ न जाता आडवे पडून दोर, काठी किंवा पट्टा फेकावा. शेजाऱ्याला वाचविण्यासाठी धावत गेलेला मनुष्यच आधी बुडतो.

छंद आणि मर्यादा

व्होल्गा आज पूर्वीची राहिलेली नाही. 1937 ते 1980 या काळात तिच्यावर जलविद्युत् केंद्रांसह आठ मोठी धरणे झाली. आज गळवाला जेथे बसतो, तो पुष्कळदा नदीचा प्रवाह नसून धरणाचा जलाशय असतो. 1941 साली बांध पूर्ण होऊन भरू लागलेल्या रीबिन्स्क जलाशयाखाली मोलोगा नावाचे सबंध गाव गेले. तेथील बर्फावर बसलेला मनुष्य कुणाच्या तरी अंगणावर गळ सोडीत असतो. 2004 साली इंदिरा सागरच्या पाण्याने ज्यांचे हरसूद गेले, त्यांना मोलोगाकरांचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

गाव हलविता येते. माशाची वाट हलविता येत नाही. कॅस्पियनमधील बेलुगा हा गोड्या पाण्यात शिरणाऱ्या माशांतील महाकाय मासा अंडी घालण्यासाठी व्होल्गेतून शेकडो किलोमीटर वर जात असे. 1958 साली व्होल्गोग्रादचा बांध आडवा आला आणि त्याची बहुतेक प्रसूतिस्थाने तुटली. मासे वर चढविण्यासाठी यंत्रे बसविली, उबवणी केंद्रे काढली, तरी बांध, प्रदूषण आणि अंड्यांच्या लोभाने होणारी चोरटी शिकार यांपुढे ती अपुरी ठरली. बेलुगाची गणना आज अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते.

या पार्श्वभूमीवर छंदी गळवाल्यालाही मर्यादा घातल्या आहेत. 1 जानेवारी 2020 पासून रशियात हौशी मासेमारीचा स्वतंत्र कायदा लागू आहे. एका माणसाने एका दिवसात किती मासे न्यावेत, यावर बंधन आहे. ज्या खोल डोहांत मासे हिवाळा काढण्यासाठी दाटीवाटीने निजतात, असे ठरावीक डोह हिवाळ्यात वर्ज्य आहेत, आणि वसंतात अंडी घालण्याच्या दिवसांत कडक निर्बंध असतात. कायद्याहून जुना असा एक सदाचारही आहे: लहान मासा ताबडतोब पाण्यात सोडावा. कडाक्याच्या थंडीत तो क्षणभरही बर्फावर पडला, तर त्याचे कल्ले गोठतात. मग परत सोडूनही उपयोग नाही. दया दाखवावयाची तर ती वेळेवर दाखवावी लागते.

आणखी एक संकट हळूहळू येत आहे. उत्तर गोलार्धातील नद्या व सरोवरे यांच्या 1846 ते 1995 या दीडशे वर्षांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा असे आढळले की दर शंभर वर्षांत गोठण्याचा दिवस सरासरी 5.8 दिवसांनी पुढे गेला आणि बर्फ फुटण्याचा दिवस 6.5 दिवसांनी अलीकडे आला. म्हणजे बर्फाचा मुक्काम शतकात बारा दिवसांनी घटला. त्यानंतर पृथ्वी अधिकच तापली आहे. आजोबांनी ज्या तारखेला निर्धास्तपणे नदी ओलांडली, त्या तारखेला नातवाने ती ओलांडू नये, असा याचा व्यावहारिक अर्थ.

समारोप

मित्रहो, आपली नर्मदा गोठत नाही, आणि गळ टाकण्याचा छंद आपल्यापैकी बहुतेकांना नाही. मग हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर आपल्याच नदीत आहे. मध्य प्रदेशाने 2011 साली महासीरला राज्यमत्स्याचा मान दिला. पण खळाळत्या, खडकाळ पाण्यात वाढणारा हा मासा नर्मदेचे संथ जलाशय होत गेले तसतसा दुर्मिळ होत गेला. भडोचकडे समुद्रातून नर्मदेत चढणाऱ्या पाला (हिलसा) माशाचीही कथा बेलुगाहून फार निराळी नाही. व्होल्गेवरचा गळवाला घटका घटका एका भोकाकडे पाहत बसतो, तेव्हा त्याला पाण्याची पातळी, बर्फाचा रंग, प्रवाहाचा वेग आणि माशाची सवय, सारे वाचावे लागते. त्याची नजर आपण आपल्या नदीला दिली, तर गळ न टाकताही पुष्कळ काही हाती लागेल. यंदा घाटावर जाल, तेव्हा पाच मिनिटे पाण्याकडे नुसते पाहत उभे राहा. त्यात काय आहे, हे आजीआजोबांना विचारा. काय होते, हेही विचारा. दोन्ही उत्तरे वहीत लिहून ठेवा.

विचार करा

1. एका ठिकाणी बर्फ 48 सेंटिमीटर जाड आहे. भोकातील पाणी वरच्या कडेपासून किती खाली असावयास हवे? ते 15 सेंटिमीटर खाली असेल, तर तुम्ही काय कराल आणि का?

2. 100 अंश-दिवसांत 20 सेंटिमीटर बर्फ धरला, तर 60 सेंटिमीटर धरण्यास किती अंश-दिवस लागतील? तेव्हा त्याची भार पेलण्याची शक्ती किती पट होईल?

3. घरी प्रयोग करा: पेल्यातील पाण्यात बर्फाचा खडा आणि वाटीतील पातळ तुपात थिजलेल्या तुपाचा खडा सोडा. काय दिसते? पाणी तुपासारखे वागते, तर व्होल्गेतील माशांचे काय झाले असते?

4. पहिल्या आणि शेवटच्या बर्फात मासे अधिक का लागतात, आणि त्याच काळात अपघात अधिक का होतात, हे आपल्या शब्दांत लिहा.